सातव्या माळेची पेटी

चंद्राक्का कधीच आवाज बारीक करून बोलली नाही. नऊवारी लुगडं, कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, हातात हिरव्या बांगड्या, आणि आवाज मात्र आडातून आल्यासारखा भरदार, गड्याचा. जामखेडच्या बाजारात पोरं मागं लागायची, "ए आराधी, जरा बाईसारखं बोल की!" ती थांबायची, पानाची पिंक टाकायची आणि म्हणायची, "का रं? देवीला काय बारीक आवाजातच ऐकू येतं व्हय?"

मी तिच्याबद्दल 'ती' असंच लिहिणार आहे. ज्यांना खटकेल त्यांनी इथंच थांबावं. मी पत्रकं लिहिणारा माणूस. पत्रकात वर मागण्या असतात, खाली जाहीर निषेध असतो, मधे माणूस नसतो. चंद्राक्कावर मी एक पत्रक लिहिलं होतं. ते छापलं गेलं नाही. त्यात जे बसलं नसतं तेच आता लिहितो आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाला एका पत्र्याच्या खोलीत ती राहायची. मूळची खर्ड्याकडची, चांगल्या जमीनजुमल्याच्या घरातला थोरला मुलगा, चंदर. विशीच्या अलीकडंच त्याच्या केसांत जट आली. जट म्हणजे देवीचं बोलावणं, असं घरच्यांनी ठरवलं. आराधी म्हणून देवीला सोडला. गळ्यात माळ घातली, हातात परडी दिली, लुगडं नेसवलं, आणि देवीला दिलेल्याला रान कशाला म्हणून वाटणीतून वगळला. देवीचं काम आणि भावांचं काम एकाच मुहूर्तावर उरकलं.

मी तेव्हा नुकताच संघटनेची शिबिरं करून आलो होतो. मला सगळं कळत होतं. मी तिच्या दारात बसून व्याख्यान दिलं. आक्का, जट म्हणजे न विंचरलेले केस, त्यात देवी नाही, हे तुमच्यासारख्यांचं शोषण आहे. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. सुपारी कातरत म्हणाली, "न इंचरलेलेच केस हैत. मला ठावं न्हाई व्हय? जट आली न्हाई रं बाबा, मी आनली. लई म्हैनं फनी लावली न्हाई, वरनं वडाचा चीक चोळला. आई वरडायची, इंचर की रं मुडद्या. मी म्हनायचे, दुखतंय."

"पण का?"

"का म्हंजी? लुगडं नेसायचं हुतं मला. त्या घराला दुसरं कोनतं दार हुतं का, सांग तूच. शिकलायस ना."

मी पिशवीतलं एक पत्रक काढून पुढं केलं. या समाजात एका माणसाला स्वतःसारखं जगायला देवीच्या दारातूनच वाट असावी, आणि त्या वाटेचं भाडं म्हणून घर, रान, भाऊबंद सगळं काढून घ्यावं, याचा निषेध कुठल्या कचेरीवर मोर्चा नेऊन करायचा? त्या दिवसापासून ती मला 'पत्रक्या' म्हणायला लागली.

मंगळवारी आणि शुक्रवारी ती जोगवा मागायला निघायची. पाच घरं, सहावं नाही. पाचही घरी दारं बंद असली तर उपाशी परत. चौंडकं बगलेत धरून तिनं तार छेडली की आतनं पोरं धावत यायची. बायका सूप घेऊन बाहेर यायच्या आणि पीठ घालता घालता सासूचं गाऱ्हाणं सांगून घ्यायच्या. आपल्या नवऱ्याला जे सांगता येत नाही ते त्या चंद्राक्काला सांगायच्या. ती ऐकायची आणि या घरचं त्या घरी कधी नेत नसे. हा तिचा पहिला गुण. पुढं तिला तोच नडला.

बाजारच्या दिवशी कासाराच्या पालात ती सगळ्या बायकांच्या मागं बसायची. कासार म्हातारा होता, तोंडाचा फटकळ. तिचा हात हातात घेऊन कुरकुरायचा, "हा पंजा हाय का खोरं? माझ्या निम्म्या बांगड्या पिचतात तुझ्यापायी."

"पिचू दे की मामा. तुझ्या बांगड्या नाजूक, त्याला माझा हात काय करनार?"

बायका हसायच्या. तो कासार शिव्या देत देत एक एक बांगडी तेलाच्या हातानं अशी चढवायचा, की फुटू नये म्हणून स्वतःच श्वास रोखून धरायचा. मला त्या गावातल्या फार कमी माणसांविषयी आदर आहे. तो कासार त्यांतला एक.

एस्टीचा एक प्रसंग मी स्वतः पाहिलेला. खर्ड्याची गाडी. चंद्राक्का बायकांच्या राखीव बाकावर बसली. कंडक्टरनं उठवलं, "ए, हे बायकांचं शीट हाय." ती उठून पुरुषांच्या बाकावर गेली. तिथला धोतरवाला अंग चोरून म्हणाला, "इथं नको बाई, मान्सं काय म्हनतील." ती मधल्या वाटेत उभी राहिली. गाडीतले सगळे बघताहेत, कुणी सरकत नाही. मी माझी जागा द्यायला उठलो, तर तिनं खांद्यावर हात ठेवून मला खाली दाबलं. पुढं गेली आणि ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या तापलेल्या टोपणावर वाकळ टाकून बसली. मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे बरं हाय. हे शीट बाईचं बी न्हाई, बाप्याचं बी न्हाई." आणि चौंडकं काढलं. ती उतरेपर्यंत गाडीनं फुकट गाणं ऐकलं. कंडक्टरनंही.

त्या गाडीच्या टपावर तिची पत्र्याची पेटी होती. नवरात्रातली सहावी माळ होती, आणि ती पेटी वर्षातून एकदाच घराबाहेर निघायची.

खर्ड्याच्या अलीकडं एक वाडी आहे. तिचं नाव लिहायला मी भीत नाही, पण लिहिणार नाही. का ते पुढं कळेल. वाडीबाहेर टेकाडावर देवीचं लहानसं देऊळ आहे. तिथं सातव्या माळेला आराध्यांचा मेळा भरायचा. चंद्राक्काच्या गुरूनं सुरू केलेला, गुरूमागं तिनं चालवलेला. दिवेलागणीला माणसं वेगवेगळ्या वाटांनी टेकाडावर चढायची. कुणी पाथर्डीकडचा टपालवाला, कुणी हमाल, कुणी चार लेकरांचा बाप. सगळे काही माळ घातलेले आराधी नव्हते. ते नवसाचे होते. आमच्याकडं रीत आहे, पुरुषानं नवस केला तर मेळ्यापुरतं त्यानं लुगडं नेसावं, देवीपुढं नाचावं, उजाडता उतरवावं. लोक त्याला हसत नाहीत. नवसाचं लुगडं आहे, म्हणतात आणि पाया पडतात.

आता एखाद्याचा नवस एका वर्षात फिटावा. पण ही माणसं दरसाल यायची. दरसाल नवा नवस.

ती लुगडी त्या पेटीत असायची. घरी कुठं ठेवणार? बायकोनं विचारलं तर काय सांगणार? म्हणून सगळ्यांची लुगडी, चोळ्या, कुणाची खोटी नथ, कुणाचे पितळी तोडे वर्षभर चंद्राक्काच्या खोलीत. श्रावणात ती सगळं उन्हात घालायची, घडीघडीत कडुनिंबाचा पाला ठेवायची. फाटलेलं शिवायची. कोण यंदा सुटलंय आणि कोण रोडावलंय याचा अंदाज घेऊन चोळीची शिवण उसवायची, आत घ्यायची. अंदाज चुकत नसे. एकदा एक चोळी तिनं दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "हा आता येनार न्हाई. पोराचं लगीन ठरलंय त्याच्या. सासरा झाल्यावर भ्या वाटतं." तरीही घडी घालून परत पेटीत ठेवली.

त्या वर्षी मी मेळा पाहिला. संबळ, झांज, चौंडकं, हातात चिंध्यांचे पेटलेले पोत, आणि मधे ती माणसं. दिवसा ज्यांना मी मान खाली घालून ओझी वाहताना पाहिलं होतं ती. मला तमाशा ठाऊक आहे, कलापथकं ठाऊक आहेत. हे तसं नव्हतं. इथं कुणी कुणाला दाखवायला नाचत नव्हतं. हमाल टपालवाल्याच्या वेणीत शेवंती माळत होता आणि टपालवाला "वढू नगं गं" म्हणत होता. त्यात एकजण जांभळ्या लुगड्याचा पदर हनुवटीपर्यंत ओढून नाचत होता. अंगानं किरकोळ, पण पाय असा टाकत होता की संबळवाला त्याच्याकडं बघून ताल धरत होता. त्यानं गायला तोंड उघडलं आणि मी दचकलो. तो आवाज मी त्याच वाडीच्या शाळेच्या खिडकीतून पाढे म्हणताना ऐकला होता. गुरुजी!

सातव्या माळेला गुरुजी दुपारीच पिशवी घेऊन गावाला जायचे. साऱ्या वाडीला ठाऊक, गुरुजींची आई आजारी असते. दरसाल, सातव्या माळेलाच.

मी चंद्राक्काकडं पाहिलं. तिनं चौंडकं न थांबवता मला विचारलं, "वळखलंस?"

"हो."

"न्हाई वळखलंस."

"नाही ओळखलं," मी म्हणालो.

पहाटे लुगडी घडी होऊन पेटीत गेली, माणसं आपापल्या वाटांनी उतरली. मी तिला विचारलं, आक्का, तुझा काय नवस असतो? ती हसली. "नवस कुनाला इचारायचा नसतो आनि आपुन सांगायचा नसतो. सांगितला की मोडला. मग देवी बांधील न्हाई, नि आपुन बी न्हाई." त्या मेळ्याचा हा एकच कायदा होता. त्याच्या आडोशाला इतकी माणसं वर्षातून एकदा श्वास घेत होती.

मग दुष्काळ आला. त्याच्यावर मी पुष्कळ लिहिलं आहे, ते इथं नको. दोन सालं आधीच हलकी गेली होती, बहात्तरला आभाळानं पाठच फिरवली. जोगव्याची पाच घरं फिरून चंद्राक्काची परडी रिकामी यायची. बायका दारात येऊन नुसत्या उभ्या राहायच्या. ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे माय, हात लाव परडीला, पोचलं." त्या सालीही सातव्या माळेला तिनं पेटी उचलली. मी म्हणालो, यंदा कोण येणार? ती म्हणाली, "एक जरी आला नि पेटी न्हाई दिसली तर?"

मी खडी फोडायच्या दुष्काळी कामाच्या मागणीची पत्रकं घेऊन त्याच गाडीनं निघालो. वाडीत उतरलो तेव्हा देवळापुढं गाव जमलं होतं. दुपारची वेळ. पाऊस का पडत नाही याचा वाडीच्या पाटलानं शोध लावला होता. देवीचे नवस थकलेत. नवसाची लुगडी नेसून नाचून जातात, नवस फेडत कुणी नाही, म्हणून देवी कोपली. तेव्हा ज्यानं ज्यानं लुगडं नेसलं त्यानं गावासमोर यावं, नवस काय तो बोलावा, आणि फेडावा. हा दुष्काळ कुणी पाडला, धान्य कुणी दडवलं, विहिरी कुणाच्या रानात खणल्या गेल्या, हे प्रश्न कुणी विचारत नव्हतं. कारण मिळालं होतं. ते पेटी डोक्यावर घेऊन स्वतःच्या पायांनी टेकाड चढत होतं.

"पेटी उघड," पाटील म्हणाला.

तिनं उघडली. लुगडी बाहेर काढली गेली, गावासमोर पसरली गेली. हिरवं, डाळिंबी, जांभळं. चोळ्या. निंबाचा वाळका पाला भुईवर सांडला.

"कुनाकुनाची हैत? नावं सांग."

"माझी हैत."

"समदी?"

"समदी. मला हौस लई."

लोक हसले. पाटील हसला नाही. त्यानं त्यातली सगळ्यांत लहान चोळी उचलली, काडीनं धरावी तशी. "ही बी तुझी? ही तुझ्या अंगात जाती का?"

गर्दीत गुरुजी उभे होते. पांढरी टोपी, कोट, हातात पिशवी. आजारी आईकडं निघालेले. त्यांचा चेहरा मी पाहिला. असे डोळे मी नंतर फक्त मेलेल्या जनावरांचे पाहिले.

चंद्राक्कानं ती चोळी घेतली. सगळ्यांसमोर आपल्या चोळीवरून ती घालायला लागली. एक हात दंडापर्यंत गेला. दुसरा घालताना पाठीची शिवण टरकन उसवली. बायकांनी तोंडाला पदर लावले, पोरं खिदळली. ती तशीच, फाटक्या चोळीत दोन्ही हात अडकलेली, उभी राहिली आणि त्याच भरदार आवाजात म्हणाली, "पयली बसत हुती, पाटील. दुष्काळात समदंच आटतंय, कापाड बी आटलं."

एखाद्या माणसाच्या शौर्याला ताम्रपट मिळतो. हिला काय मिळालं ते सांगतो.

"मग नवस सांग. समद्यांचे तूच सांग," पाटील म्हणाला.

"नवस सांगत न्हाईत."

"गाव मरतंय हितं!"

"मी काय जगतीय व्हय, मालक?"

मी मधे पडलो. ओरडलो, हे बेकायदेशीर आहे, पावसाचा याच्याशी काही संबंध नाही. एकानं माझ्या छातीवर हात ठेवून मला मागं लोटलं. "तू तुझं खडीचं बघ."

पाटलानं निवाडा दिला. ती नवस सांगत नाही तर लुगडी देवीला जातील. त्यांचे पोत वळायचे आणि देवीपुढं जाळायचे, म्हणजे थकलेलं सगळं फिटलं. चार माणसांनी लुगडी फाडली. तेल कुणाच्याही घरात नव्हतं; देवळाच्या समईतलं उरलंसुरलं ओतलं. पेटवायला हात कुणाचा लावायचा? पाटलानं मान वळवली. "गुरुजी, तुमी शिकलेले. तुमच्या हातनं होऊ द्या."

गुरुजी पुढं आले. काडी दोनदा विझली. तिसऱ्यांदा धरली. त्यांच्या स्वतःच्या लुगड्याचा पोत जांभळा होता, तो आधी पेटला. चंद्राक्कानं त्या सगळ्या वेळात एकदाही त्यांच्याकडं पाहिलं नाही. ती लांब खर्ड्याच्या किल्ल्याच्या दिशेला तोंड करून उभी होती. तिनं पाहिलं असतं तर कुणीतरी तिच्या नजरेमागं पाहिलं असतं, एवढा हिशेब तिला त्या क्षणीही होता.

संध्याकाळी टेकाडाच्या पायथ्याशी दोघेजण आलेले मला दिसले. वर जळक्या चिंध्या आणि माणसं पाहून तसेच मागं फिरले. पुढं कुणी आलं नाही. पाऊस पडला नाही, हे वेगळं सांगायला नको.

मी पत्रक लिहिलं. आमच्या संघटनेच्या प्रमुखांनी ते वाचलं आणि बाजूला ठेवलं. म्हणाले, "पोटाचा प्रश्न आधी. असल्या लोकांसाठी पत्रक काढलं तर आपल्या मागं कोण येईल?" चांगले माणूस होते. तुरुंगात जाऊन आले होते. अशा चांगल्या माणसांचं मी काय करावं हे मला अजून कळत नाही.

चंद्राक्काची खोली काही दिवसांनी बंद दिसली.

पुढच्या उन्हाळ्यात जामखेड-खर्डा रस्त्यावरच्या खडीच्या कामावर मी गेलो होतो. सावली नाही, पाणी नाही, अशा तक्रारी होत्या. गड्यांच्या टोळीत एक माणूस मान खाली घालून दगड फोडत होता. धोतर, फाटका सदरा, डोकं भादरलेलं. मी पुढं गेलो असतो. पण त्याच्या मनगटावर बांगड्यांचा पांढरा वण होता, उन्हानं काळ्या पडलेल्या हातावर अजून न पुसलेला.

मुकादमानं तिला सांगितलं होतं, गड्यांच्या टोळीत लुगडं चालणार नाही, आणि बायकांच्या टोळीत तू चालणार नाहीस. या गाडीला तिसरी बसायची जागा नव्हती.

तेवढ्यात मजुरांना खायला सुकडी, सरकारी मदतीचं भाजकं पीठ, वाटायला सुरुवात झाली. रांग लागली. वाटायला गुरुजी होते. शाळा बंद, म्हणून त्यांना या कामावर लावलेलं. ती रांगेत पुढं सरकत त्यांच्यासमोर गेली आणि धोतराचा सोगा पुढं केला. गुरुजींनी वर पाहिलं नाही. सुकडी घातली. मग थांबले, आणि आणखी एक मूठ घातली. एवढंच. एका माणसाचं सगळं धाडस एका मुठीत मावलं. तिनं ती जास्तीची मूठ काढून परत डब्यात टाकली. "मागच्याला पुरू दे, गुरुजी." गुरुजींचा हात डब्यातच राहिला.

मी तिच्या शेजारी दगडांवर जाऊन बसलो. "आक्का," म्हणालो.

"चंदर म्हन. हितं आक्का कुनी न्हाई." आवाज इतका बारीक होता की मला वाकून ऐकावं लागलं.

"पाऊस पडला की पुन्हा मेळा करू. मी येतो. मी सगळ्यांना कळवतो."

"पत्रक काढून?" ती किंचित हसली. "पत्रकानं येनारी मान्सं न्हवती ती, पत्रक्या. पेटी हाय म्हनून येत हुती."

हातोडा चालू होता. मी काहीतरी बोलत राहिलो, लढा, संघटन, असं काहीतरी. तिनं मधेच विचारलं, "तुला माझा नवस ऐकायचा हुता न्हवं?"

मला कळलं ती काय करायला निघाली आहे. मी म्हणालो, "नको आक्का. सांगू नको."

"म्होरल्या साली बी समद्यांनी यावं," ती म्हणाली. "येवढाच हुता. दरसाल त्योच."

हातातली खडी तिनं ढिगावर टाकली. "झालं. सांगितला," म्हणाली, आणि पुढचा दगड ओढून घेतला.